फूड सायन्सला ॲडमिशन घेताय? आधी लॅबचं कुलूप उघडायला सांगा



मागच्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळेला एक गृहस्थ आले. आपल्याच कारंज्याच्या तालुक्यातले (आपलं घाडग्यांचं कारंजा, वाशीम जिल्ह्यातलं लाडांचं नव्हे). सोबत मुलगी, नुकतीच बारावी झालेली. माझं दुकान पॅकिंगच्या सामानाचं आहे. बरण्या, पाऊच, लेबल, सीलिंग मशीन. मला वाटलं, बरण्या पाहायला आले असतील. पण त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढली आणि काउंटरवर ठेवली.

"भाऊ, पोरीले फूड सायन्सले टाकतो म्हणतो. कॉलेजवाल्यायचा मानूस घरी आला होता. म्हने सीट कमी हायेत, आठ दिवसांत टोकन भरा. नौकरी पक्की म्हनते. तुमी व्हिडिओत सांगत असता, प्रोसेसिंगमध्ये पैसा हाय. मंग म्हटलं, इचारून घ्यावं."

मी विचारलं, "फी कशी भरणार?"

ते थोडं थांबले. मग म्हणाले, "चार एकर बगीचा हाय. त्यातला एक काढतो."

मंडळी, मी तुम्हाला व्हिडिओत नेहमी सांगतो की संत्रा कच्चा विकू नका, प्रक्रिया करा, ब्रँड करा. पण माझे व्हिडिओ पाहून कुणी संत्र्याचा बगीचा विकायला निघेल, हे काही मी धरलं नव्हतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आजचा लेख त्या बापलेकीसाठी जे शोधलं, त्याचा आहे. तुमच्या घरात यंदा बारावीचं मूल असेल, किंवा तुम्ही स्वतः खाण्यापिण्याच्या धंद्यात उतरायचं म्हणत असाल, तर शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी कडू गोष्ट

मी बीबीए. बॅलन्स शीट समजते, मार्केटिंग समजतं, ब्रेक इव्हन पॉइंट झोपेतही काढून देईन. पदवी हातात पडली तसं ठरवलं, बाटलीबंद संत्रा ज्यूस काढायचा. हायवेवर गाव, दारात संत्रा, नागपूर दीड तासावर. कागदावर नफा दिसत होता. बाजारात न खपणारी चुरी, म्हणजे बारीक संत्रा, स्वस्तात मिळाली. मिक्सरमधून काढला, गाळला, तापवला, बाटल्या भरल्या. चारशे बाटल्या. भरताना चाखला तेव्हा गोड होता. तिसऱ्या दिवशी पहिल्या दुकानदाराचा फोन आला, "भाऊ, हे औषध हाय का ज्यूस?"

कडू झाला होता. मी पुढच्या घाण्यात साखर वाढवली. गोडही लागला आणि कडूही लागला. तीनशेच्या वर बाटल्या परत आल्या आणि धंदा तिथंच बसला. मी दोष संत्र्याला दिला, मग बाटलीला, मग नशिबाला.

खरं कारण मला कितीतरी वर्षांनी कळलं. फूड टेक्नॉलॉजी शिकणारा एक पोरगा दुकानात पाऊच घ्यायला आला होता, त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो, जो मुळात कडू नसतो. फळ फोडून रस काढला की तो रसात उतरतो आणि रसातल्या आंबटपणात हळूहळू त्याचा लिमोनिन नावाचा कडू पदार्थ होतो. तापवलं की हे आणखी लवकर होतं. म्हणून हायवेवरच्या गाडीवर उभं राहून प्यायलेला ज्यूस गोड लागतो आणि तोच ज्यूस बाटलीत कडू होतो. मी तर मिक्सरमध्ये बियासकट भरडला होता! बिया न फुटतील असं यंत्र, पापुद्रा कमी दाबणं, मोठ्या कारखान्यात कडूपणा शोषून घेणारं रेझिन, असे उपाय आहेत. त्या पोराच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात हे सगळं होतं.

हे सांगायचं कारण एकच. हे शास्त्र खरोखर उपयोगाचं आहे. बीबीएनं मला ज्यूस विकायला शिकवलं, टिकवायला नाही शिकवलं. त्यामुळे "शिकून काय होतं, धंदा करा" असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी एवढंच म्हणतो की या नावाखाली तीन-चार वेगवेगळी शिक्षणं विकली जातात. त्यातलं कोणतं तुमच्या कामाचं, ते पैसे भरायच्या आधी ओळखा.

नावं सारखी, काम वेगळं

त्या पुस्तिकेवर "फूड सायन्स" असं मोठ्या अक्षरात होतं. आत पाहिलं तर पदवी पोषण आणि आहारशास्त्राकडची होती. हे शिक्षण वाईट आहे का? अजिबात नाही. दवाखान्यात आहारतज्ज्ञ व्हायचं असेल, शाळेच्या पोषण आहाराचं काम करायचं असेल, तर हेच पाहिजे. पण बापाच्या डोक्यात होतं ज्यूसचं युनिट आणि मुलगी शिकणार होती मधुमेहाच्या रुग्णाला काय खायला द्यायचं ते. दोघांनाही हे माहीत नव्हतं.

म्हणून आधी हे गट समजून घ्या.

पहिला गट फूड टेक्नॉलॉजीचा, म्हणजे चार वर्षांचं बी.टेक. यात अन्नाचं रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, यंत्रं आणि प्रक्रिया, साठवण, पॅकेजिंग, अन्न कायदा असं सगळं येतं. कारखान्यातलं काम किंवा स्वतःचं युनिट डोळ्यापुढे असेल तर हा रस्ता.

दुसरा गट फूड सायन्स अँड न्यूट्रिशन, होम सायन्स, डायटेटिक्स यांचा. यात भर माणसाच्या शरीरावर आणि आहारावर असतो. पदार्थ बनवणं, टिकवणं थोडंफार असतं, यंत्रं कमी.

तिसरा गट फूड प्रोसेसिंगमधल्या बी.व्होक., डिप्लोमा, सर्टिफिकेटचा. हा हाताच्या कामाचा आहे. पण कॉलेजागणिक दर्जा फार बदलतो. कुठं खरंच काम शिकवतात, कुठं नुसती प्रोजेक्ट फाइल लिहून घेतात.

चौथी वाट उशिराची. आधी साधी बी.एस्सी. करा, रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन, आणि मग फूडमध्ये एम.एस्सी. करा. म्हैसूरची सीएफटीआरआय ही केंद्र सरकारची संस्था १९५० पासून याच कामात आहे. तिथं फूड टेक्नॉलॉजीचं एम.एस्सी. चालतं. बारावीला मार्क कमी पडले म्हणून दार कायमचं बंद झालं असं समजू नका.

आपल्या भागातून कुठं जाता येतं?

आता ठोस नावं सांगतो.

आपण नागपूरला निघालो की शहरात शिरताना अमरावती रोडवरच एलआयटी लागते. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली सुरू झालेली. आता तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं आहे. तिथं केमिकल टेक्नॉलॉजीच्या बी.टेक.मध्ये फूड हा विशेष विषय घेता येतो. पाया केमिकलचा, वरचा मजला फूडचा. गणित आणि रसायनशास्त्र पक्कं असेल त्यानं इथं पाहावं. आपल्याच रस्त्यावरची इतकी जुनी संस्था, आणि कारंज्यातल्या किती घरांना ती माहीत आहे?

मुंबईची आयसीटी, जुन्या लोकांची यूडीसीटी, १९३३ पासूनची. फूड इंजिनिअरिंगसाठी नाव फार मोठं, पण तिथल्या सीट चांगल्या गुणांनाच मिळतात.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ मध्ये सुरू झालं. शेतकऱ्याच्या मुलाला ही वाट सगळ्यात जवळची वाटते, कारण शेतमालापासून सुरुवात होते. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत, अकोला, परभणी, राहुरी आणि दापोली. काही खासगी अन्नतंत्र महाविद्यालयंही कृषी विद्यापीठांना संलग्न आहेत. तिथला अभ्यासक्रम विद्यापीठाचा असतो, पण इमारत, शिक्षक आणि यंत्रं त्या त्या कॉलेजची. फरक तिथंच पडतो.

राज्याबाहेर निफ्टेम आहे, एक हरियाणात कुंडलीला आणि दुसरी तामिळनाडूत तंजावरला. दोन्हींना २०२१ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिथं प्रवेश जेईई मेनवर होतो. महाराष्ट्रातल्या बी.टेक.साठी मुख्यतः एमएचटी-सीईटी. कोणत्या कोर्सला गणित लागतं, कुठं जीवशास्त्रावर चालतं, हे त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतच पाहा. व्हॉट्सॲपवर आलेल्या यादीवर ॲडमिशन ठरवू नका. माझ्या व्हिडिओवरही ठरवू नका.

कॉलेजला जाऊन विचारायचे पाच प्रश्न

बापलेक दोघांनाही मी एका कागदावर पाच प्रश्न लिहून दिले. तुम्हीही लिहून घ्या.

१) पदवीच्या कागदावर नेमकं काय छापून येईल, आणि कोणत्या विद्यापीठाचं? पुस्तिकेवरचं नाव आणि पदवीवरचं नाव एकच आहे का ते पाहा. कृषी शाखेच्या कॉलेजला आयसीएआरची अधिस्वीकृती, तंत्रशिक्षणाच्या कॉलेजला एआयसीटीईची मान्यता, विद्यापीठ यूजीसीच्या यादीत. तोंडी उत्तर घेऊ नका, पत्र दाखवायला सांगा.

२) अभ्यासक्रमाची पूर्ण यादी द्या. आठही सेमिस्टरची. त्यात फूड केमिस्ट्री, फूड मायक्रोबायोलॉजी, फूड इंजिनिअरिंग, पॅकेजिंग आणि अन्न कायदा हे पाच विषय दिसतात का? प्रात्यक्षिकाचे तास किती? यादी द्यायला जे कॉलेज टाळाटाळ करतं, तिथून चहा पिऊन परत या.

३) पायलट प्लांट दाखवा. पायलट प्लांट म्हणजे छोटा कारखाना. पल्पर, पाश्चरायझर, ड्रायर, बाटली भरायचं आणि झाकण लावायचं मशीन. दारातून पाहू नका, आत जा. मशीनवर हात फिरवा. धूळ निघाली तर समजून घ्या. शेवटचा घाणा कधी काढला, कशाचा काढला, नोंदवही कुठं आहे, विचारा.

४) विद्यार्थी कारखान्यात कुठं आणि किती दिवस जातात? कृषी विद्यापीठांच्या पदव्यांत 'स्टुडंट रेडी' नावाचा भाग असतो. त्यात शेवटच्या वर्षात प्रत्यक्ष काम करून शिकायचं असतं, उत्पादन काढून विकण्यापर्यंत. मागच्या वर्षीच्या मुलांनी काय बनवलं आणि किती विकलं? आपल्यासारख्या धंद्यावाल्यांसाठी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

५) पास होऊन गेलेल्या दोन मुलांशी बोलू द्या. शक्यतो कॉलेजनं दिलेले नंबर घेऊ नका. होस्टेलच्या दारात उभं राहा, चौथ्या वर्षाच्या मुलांना चहा पाजा आणि विचारा, "पुन्हा ॲडमिशन घ्यायची असती तर इथंच घेतली असती का?" ते जे बोलतील ते पुस्तिकेत कधी छापून येत नाही.

आणखी एक. शिक्षण इंग्रजीतून आहे. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांना पहिलं सेमिस्टर जड जातं. यात लाजण्यासारखं काही नाही. पण सुट्टीत दोन महिने मिळतात तेवढ्यात रसायनशास्त्राचे इंग्रजी शब्द पक्के करून घ्या.

फीचा हिशोब, जो एजंट सांगत नाही

आता बगीच्याच्या मुद्द्यावर येतो. बीबीए इथं कामी आलं!

महाराष्ट्र सरकारनं २०२४-२५ या वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, अशा मुलींसाठी. पण अट नीट वाचा. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून थेट सीट घेतली तर ही सवलत मिळत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात नाहीत.

आता आठवा, तो माणूस घरी येऊन काय म्हणाला होता? "आठ दिवसांत टोकन भरा." कॅप राउंड सुरू व्हायच्या आधीच. कुटुंब ओबीसीत बसणारं, उत्पन्न मर्यादेच्या आत. जी फी सरकारनं माफ केलेली, ती भरायला हा माणूस एक एकर बगीचा विकायला निघाला होता. कारण एवढंच की त्याला घाई केली गेली.

होस्टेल, मेस, पुस्तकं, येणं-जाणं हा खर्च राहतोच. तो मात्र आजच धरा. चार वर्षांचा महिनावार हिशोब वहीत मांडा. उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, नॉन क्रिमीलेअर ही कागदपत्रं निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर केवढी गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहेच.

तुम्ही स्वतः तिशी-चाळिशीत असाल तर?

मला मेसेज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त असेच आहेत. "दादा, बचत गटातून लोणचं करतो, फूड सायन्सची पदवी घेऊ का?" ताई, चार वर्षं थांबू नका. तुम्हाला पदवी नको, नेमकं ज्ञान पाहिजे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. छोट्या उद्योगाला एफएसएसएआयची नोंदणी लागते, मोठ्याला परवाना. नोंदणीवाल्याला पदवीची अट नाही. परवान्याच्या अटींत मात्र असं आहे की उत्पादनावर देखरेख करायला किमान एक तांत्रिक माणूस ठेवायचा. त्याच्याकडे रसायनशास्त्र, जैवरसायनशास्त्र, फूड अँड न्यूट्रिशन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी, नाहीतर फूड टेक्नॉलॉजीची पदवी किंवा डिप्लोमा पाहिजे. म्हणजे मालकाकडेच पदवी पाहिजे असं नाही. तो माणूस तुम्ही नोकरीला ठेवू शकता. आणि घरातली मुलगी फूड टेक्नॉलॉजी शिकली तर तो माणूस घरातच तयार होतो. हा हिशोब बापांनी लक्षात ठेवावा.

मग तुम्ही काय शिकायचं? इग्नूचा फळं-भाज्यांच्या मूल्यवर्धित पदार्थांचा एक डिप्लोमा आहे, बारावीनंतर घरी राहून करता येतो. म्हैसूरची सीएफटीआरआय ठराविक विषयांवर छोटे कोर्स घेते. आणि वर्ध्यात, आपल्याच जिल्ह्यात, मगनवाडीला एमगिरी आहे, महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा जे. सी. कुमारप्पांनी याच मगनवाडीतून घाणीचं तेल, गूळ, हातसडीचा तांदूळ यांवर काम केलं होतं. नव्वद वर्षांपूर्वी खेड्यातल्या अन्नाचं शास्त्र आपल्या वर्ध्यात शिकवलं जात होतं, आणि आपण आज "इकडं काय मिळतं?" म्हणतो!

निदान चार गोष्टी तरी कोणत्याही कोर्सशिवाय शिकून घ्या.

पीएच समजून घ्या. पदार्थ किती आंबट आहे त्याचं हे माप. ४.६ हा आकडा पाठ करा. त्याच्या खाली, म्हणजे जास्त आंबट पदार्थात, बॉट्युलिझमचे घातक जंतू वाढत नाहीत. संत्र्याचा रस त्याच्या खाली असतो, पण वांग्याचं भरीत नसतं. बरणीबंद भरीत किंवा कमी लिंबाचा ठेचा विकायला काढणाऱ्यांनी इथं थांबून तज्ज्ञाला विचारावं. यात धंदा बुडत नाही, माणूस दगावू शकतो.

ब्रिक्स समजून घ्या. रसातली विरघळलेली साखर वगैरे किती, ते हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर दाखवतो. स्क्वॉश म्हणून विकायचं तर त्यात किमान २५ टक्के फळाचा रस आणि ४० टक्के विरघळलेले घन पदार्थ पाहिजेत. जॅममध्ये साधारण फळांसाठी ४५ टक्के फळ आणि ६५ टक्के घन पदार्थ. हे अंदाजानं होत नाही, मोजावं लागतं.

तापमान आणि वेळ लिहून ठेवायची सवय लावा. आणि प्रत्येक घाण्याच्या दोन बाटल्या बाजूला ठेवून आठवड्याला एक चाखा. मी एवढं शेवटचं जरी केलं असतं तरी चारशे बाटल्या बाजारात गेल्या नसत्या.

भांडवलाचं म्हणाल तर केंद्राची पीएमएफएमई योजना छोट्या प्रक्रिया उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान देण्यासाठी २०२० मध्ये आली. त्यात १० टक्के वाटा आपला आणि बाकी बँकेचं कर्ज. या योजनेला फूड सायन्सची पदवी लागत नाही. सध्याची मुदत आणि नियम तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा.

पुढं काय झालं?

बापलेक त्या कॉलेजला गेले. कागद घेऊन. पहिले दोन प्रश्न मुलीनंच विचारले. तिसऱ्या प्रश्नाला, पायलट प्लांट दाखवा म्हटल्यावर, सांगण्यात आलं की चावी सरांकडे आहे आणि सर रजेवर आहेत. बाप म्हणाला, "थांबतो." दुपारपर्यंत थांबले. शेवटी कुणीतरी कुलूप उघडलं. आत बाकं होती, एक मिक्सर, एक ओव्हन आणि प्लास्टिकच्या आवरणातलं एक मशीन, ज्याची वायर प्लगपर्यंत पोचतच नव्हती.

त्यांनी टोकन भरलं नाही.

मुलीनं कॅपचा फॉर्म भरला. पसंतीक्रम तिनं स्वतः लावला. बापाला जवळचं कॉलेज पाहिजे होतं, आईला होस्टेलची काळजी. मुलगी म्हणाली, "आधी जिथं मशीन चालतात ते लिहू, अंतर मंग पाहू." दोन दिवस घरात यावरून बोलणं बंद होतं, हेही तुम्हाला सांगून ठेवतो. दुसऱ्या राउंडला तिला कृषी विद्यापीठाखालच्या एका अन्नतंत्र महाविद्यालयात सीट मिळाली. पहिल्या पसंतीचं नव्हे, तिसऱ्या. घरापासून लांब आहे. मेसचा खर्च बापाला जाणवतो. पण बगीचा चारही एकर शाबूत आहे आणि आंबिया बहाराचा पैसा होस्टेलला पुरला.

दिवाळीच्या सुट्टीत ती दुकानात आली होती. मी माझ्या कडू ज्यूसची गोष्ट पुन्हा सांगायला लागलो तर मध्येच थांबवून विचारते, "काका, तुमच्या बाटल्यांचा पीएच किती होता? किती डिग्रीला तापवला होता? किती मिनिटं?"

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. मी लिहूनच ठेवलं नव्हतं. तिचे वडील शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत, पण त्यांनी जाताना माझ्याकडून बारा रिकाम्या बरण्या नेल्या. म्हणाले, "पोरीनं मार्मालेड करून पाहाचं म्हटलं हाय. इकाले नाही. आधी तीन महिने ठेवून पाहू म्हनते."

तर मंडळी, यंदा ज्यांच्या घरी हा विषय चालू असेल त्यांनी वरचे पाच प्रश्न कागदावर उतरवून घ्या आणि कॉलेजला स्वतः जा. पायलट प्लांट चालू दिसला, तर कॉलेजचं नाव आणि तुम्ही काय काय पाहिलं ते मला कळवा. कारंजा, आर्वी, आष्टीकडच्या मुलांसाठी अशा चांगल्या कॉलेजांचा एक व्हिडिओ मी करणार आहे. आणि कुणी घरी येऊन "आठ दिवसांत टोकन भरा" म्हणालं, तर त्याला चहा पाजा, पुस्तिका ठेवून घ्या आणि सांगा, कॅप राउंड झाल्यावर बोलू.

भेटू पुढच्या लेखात.